पहिल्या टीपासून शेवटच्या तुकडीपर्यंत
वाचक विचारतात : हौशी गोल्फ क्लबची वार्षिक स्पर्धा आणि मासळीचं जेवण

खारघरच्या डोंगरपायथ्याला सिडकोचं गोल्फचं मैदान झालं आणि नवी मुंबई-ठाण्याकडच्या हौशी खेळाडूंची घराजवळ खेळायची सोय झाली. सकाळी स्पर्धा आणि दुपारी मासळीचं जेवण हा बेत आता बरेच गट करतात. यंदा आलेल्या प्रश्नांत निम्मे मैदानाचे आहेत, निम्मे चुलीचे. उत्तरं मात्र वेगवेगळी देता येत नाहीत. शेवटचा गट कधी परततो यावर तवा कधी तापवायचा हे ठरतं, आणि तवे किती आहेत यावर खेळ कसा सुरू करायचा हे ठरवणं शहाणपणाचं असतं.

प्रश्न : दर वर्षी तारखेवरून वाद होतो. कुणी जुलै म्हणतं, कुणी फेब्रुवारी. काय पाहून तारीख ठरवावी? — बेलापूर

जुलै सोडून द्या. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत बाजारात जे मिळतं ते बर्फातलं, बाहेरून आलेलं, नाहीतर खाडीतलं थोडंफार. मैदानावर विजांचा धोका असतो, तो वेगळाच. बंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये करू म्हणाल, तर नारळी पौर्णिमा श्रावणातच येते आणि श्रावणात तुमचे निम्मे सभासद माशाला हात लावणार नाहीत.

म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरा. सकाळी गारवा असतो, मैदान कोरडं असतं आणि मासळी भरपूर असते. वार अर्थातच रविवार. पण रविवार आहे म्हणून तारीख पक्की करू नका, आधी पंचांग उघडा. त्या रविवारी संकष्टी किंवा एकादशी आली तर वीस-पंचवीस पानं ऐन वेळी शाकाहारी होतात आणि सुरमई उरते.

पंचांगात आणखी एक गोष्ट पाहायची, ती कोळीवाड्यात कुणीही सांगेल. बोंबील डोलीच्या जाळ्यात मिळतो. डोल खुंटांना बांधलेली असते, ती स्वतः मासळीमागे जात नाही. पाण्याची ओढच मासळी जाळ्यात आणते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, ओढ जोरात असते, डोल भरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंदावतं, बोंबील कमी येतो आणि भाव चढतो. संकष्टी पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी येते. दोन्हींचा मेळ घातला तर अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत येणारा रविवार सगळ्यात सोयीचा. असा रविवार मोसमात एखाद-दुसराच सापडतो, त्यामुळे मैदानाचं आरक्षण त्या हिशोबाने आधीच करून ठेवा.

प्रश्न : आमचे ७२ खेळाडू आहेत. मागच्या वर्षी सगळ्यांना एकाच वेळी वेगवेगळ्या टीवरून, म्हणजे होल जिथून सुरू होतो त्या जागांवरून, सोडलं. खेळ वेळेत संपला, पण जेवणाला एवढी गर्दी झाली की तळलेलं गारढोण मिळालं. काय चुकलं? — खारघर

खेळाचं काही चुकलं नाही, गणित तव्याचं चुकलं. १८ होलच्या मैदानावर चौघांचे १८ गट प्रत्येकी एका टीवरून एकदम सोडले, म्हणजे शॉटगन पद्धतीने, तर सगळे जवळपास एकाच वेळी परततात. सव्वासातला भोंगा वाजवला तर बाराच्या सुमाराला ७२ खेळाडू, त्यांच्या पिशव्या वाहणारे कॅडी, खेळावर देखरेख करणारे मार्शल आणि पाहुणे असे शंभरावर लोक ताटं घेऊन उभे. मोठ्या तव्यावर सुरमईच्या बारा तुकड्या मावतात. दोन सेंटीमीटर जाडीची तुकडी प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं घेते. काढणं, घालणं, तेल सोडणं धरून एक घाणा नऊ मिनिटांचा. तासाला ऐंशी तुकड्या. शंभर जणांना एकदम वाढायचं तर आचारी अकरालाच तळायला घेणार, आणि बाराला ताटात पडणारी तुकडी तासाभरापूर्वीची असणार. झाकून ठेवलेल्या तळणाला वाफ धरते आणि कुरकुरीतपणा जातो. त्यावर इलाज नाही.

एकेरी टीवरून, पहिल्या होलवरून सगळे सोडले तर उलट होतं. १८ गट, दर नऊ मिनिटांनी एक, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या गटात अडीच तासांचं अंतर. सव्वासातला सुरुवात केली तर शेवटचा गट पावणेदहाला निघेल आणि अडीचच्या सुमाराला परतेल. पहिले आलेले तोवर घरी निघालेले असतात. बक्षीस समारंभाला कोण थांबणार?

आमचा आग्रह मधल्या वाटेचा आहे. पहिल्या आणि दहाव्या अशा दोन टीवरून सुरुवात करा. दोन्हीकडून नऊ-नऊ गट, नऊ मिनिटांच्या अंतराने. पहिले दोन गट ७.१५ ला, शेवटचे दोन ८.२७ ला. पहिल्या टीवरून निघालेला गट नऊ होल संपवून दहाव्याशी पोचतो तेव्हा साडेनऊ वाजून गेलेले असतात, तोवर दहावी टी कधीच मोकळी झालेली असते. चौघांच्या गटाला १८ होलना पावणेपाच तास धरा. बाराला पहिले दोन गट आत येतात आणि मग दर नऊ मिनिटांनी आठ खेळाडू. दोघांत एक कॅडी असेल तर चार कॅडी. झाले बारा जण, बारा तुकड्या, तव्याचा एक घाणा. प्रत्येकाला ताजं आणि गरम मिळतं. बोंबील माणशी दोन धरले तर दर नऊ मिनिटांना चोवीस लागतात, त्यासाठी दोन तवे ठेवा. एकूण तीन तव्यांवर सगळं निभतं. शॉटगनच करायची असेल तर सहा तवे आणि तेवढे हात लागतील, हे आधीच मान्य करून टाका.

सोळाव्या टीवरच्या आणि सातव्या टीवरच्या मार्शलने स्वयंपाकघरात फोन करायचा. पहिल्या टीवरून निघालेल्यांचे सोळाव्यावर शेवटचे तीन होल उरलेले असतात आणि दहाव्यावरून निघालेल्यांचे सातव्यावर. तिथून पाऊण तास. फोन आला की पीठ-मसाला बाहेर काढायचा, तवा तापवायचा. फोन यायच्या आत एकही तुकडी तेलात पडता कामा नये.

प्रश्न : खेळ रेंगाळतो तो मुख्यतः हरवलेल्या चेंडूंमुळे. नियमात काही सोय आहे का? — नेरूळ

आहे. चेंडू शोधायला नियमाने तीनच मिनिटं मिळतात, पाच नाहीत. २०१९ पासून हा बदल लागू आहे, तरी जुने खेळाडू अजून पाच मिनिटं गवतात फिरतात. चेंडू हरवेल अशी शंका आली तर जागा सोडण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) असं स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारून ठेवायचा. नुसतं ‘अजून एक मारतो’ म्हटलं तर तो प्रोव्हिजनल धरला जात नाही, तोच चेंडू खेळात येतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नसतो.

हौशी स्पर्धेसाठी समिती एक स्थानिक नियमही लागू करू शकते. चेंडू हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर मागे टीवर परत जायचं नाही. जिथे हरवला त्या अंदाजाने, होलच्या जवळ न जाता, फेअरवेच्या (छाटलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) कडेपासून दोन क्लबच्या लांबीपर्यंत आत चेंडू टाकायचा आणि दोन दंडाचे फटके धरायचे. प्रोव्हिजनल मारला असेल तर ही सवलत नाही. ओढ्यात किंवा तळ्यात गेलेल्या चेंडूलाही नाही, कारण त्याला पेनल्टी एरियाचे नियम लागतात. हे सगळं आदल्या दिवशी लेखी द्या. टीवर तोंडी सांगितलेलं निम्म्यांच्या लक्षात राहत नाही.

प्रश्न : आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे अधिकृत हॅंडिकॅप (खेळाच्या दर्जाप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट) आहे, निम्म्यांकडे नाही. एकाच स्पर्धेत दोघांना कसं बसवायचं? — ठाणे पश्चिम

ज्यांच्याकडे आहे त्यांचं आधी. हॅंडिकॅप इंडेक्स तसाच कार्डावर लिहायचा नसतो, तो मैदानाला लावून घ्यावा लागतो. इंडेक्सला स्लोप रेटिंगने गुणा, ११३ ने भागा, मग कोर्स रेटिंगमधून पार (ठरलेले अपेक्षित फटके) वजा करून जे येईल ते त्यात मिळवा. दोन्ही रेटिंग म्हणजे मैदान किती कठीण आहे याचे आकडे. इंडेक्स १८.४, स्लोप १२१, कोर्स रेटिंग ७०.१ आणि पार ७२ असेल तर १८.४ × १२१ ÷ ११३ म्हणजे १९.७०. त्यात ७०.१ वजा ७२, म्हणजे उणे १.९ मिळवले की १७.८०. वैयक्तिक स्पर्धेत याचे ९५ टक्के धरतात, १६.९१, म्हणजे खेळायचा हॅंडिकॅप १७. नेहमीची चूक अशी की १७.८० चे आधी १८ करतात आणि मग ९५ टक्के काढतात. पूर्णांक शेवटीच करायचा.

स्टेबलफोर्ड (होलगणिक गुण मोजायची पद्धत) ठेवलात तर हौशी गटाला बरं पडतं. हॅंडिकॅप १७ असलेल्याला स्ट्रोक इंडेक्स (होलच्या कठीणपणाचा क्रम) १ ते १७ च्या प्रत्येक होलवर एक फटका सूट. पार चारच्या होलवर पाच मारले तर नेट, म्हणजे सूट वजा जाता, चार, दोन गुण. एखाद्या होलवर गाडी घसरली आणि गुण मिळायची शक्यता संपली की चेंडू उचलून पुढे जायचं. वेळ वाचतो, आणि वाचलेला वेळ थेट जेवणाच्या वेळेत जमा होतो.

ज्यांच्याकडे हॅंडिकॅप नाही त्यांच्यासाठी डबल पेओरिया पद्धत वापरा. १८ पैकी १२ होल समिती गुपचूप निवडून लिफाफ्यात बंद करते. त्या बारांची पार बेरीज ४८ यायला हवी. खेळ संपल्यावर लिफाफा उघडायचा. त्या बारा होलवर खेळाडूचे फटके ६६ झाले असतील तर ६६ × १.५ = ९९, त्यातून ७२ गेले २७, त्याचे ८० टक्के २१.६. एकूण १०० फटके मारले असतील तर नेट ७८.४. या पद्धतीत नशिबाचा वाटा मोठा आहे. वाईट खेळलेले होल लिफाफ्यात आले तर माणूस जिंकतो. त्यामुळे ती हॅंडिकॅपवाल्यांबरोबर एका यादीत लावू नका. दोन गट, दोन बक्षिसं. एकत्र यादी लावली की वर्षभर ज्यांनी प्रत्येक कार्ड इमानाने भरलं त्यांच्यावर अन्याय होतो, आणि तो त्यांना बोलूनही दाखवता येत नाही.

प्रश्न : बरोबरी झाली तर? आणि कार्डावर चुकीचा आकडा लिहिला गेला तर? — घणसोली

बरोबरीला काउंटबॅक, म्हणजे शेवटच्या होलवरची कामगिरी पाहायची. शेवटचे नऊ होल, तरीही बरोबरी तर शेवटचे सहा, मग तीन, मग अठरावा. इथे ‘शेवटचे’ म्हणजे कार्डावरचे १० ते १८, खेळाडूने शेवटी खेळलेले नव्हेत. दहाव्या टीवरून निघालेला गट या मुद्द्यावर हमखास हुज्जत घालतो, म्हणून स्पर्धेच्या नियमपत्रात हे वाक्य छापाच. नेट स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या पद्धतीत) शेवटच्या नऊला हॅंडिकॅपचा निम्मा, सहाला एक तृतीयांश, तिनाला एक षष्ठांश वजा करतात. स्टेबलफोर्डमध्ये सूट गुणांतच आलेली असते, पुन्हा वजा करू नका.

कार्डाचं म्हणाल तर होलसमोरचा आकडा ही खेळाडूची जबाबदारी, बेरीज समितीची. स्ट्रोक प्लेमध्ये खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही करून कार्ड दिलं तर खेळाडू बाद. जास्त लिहिला असेल तर तोच आकडा कायम. अपवाद एकच. दंड लागतो हे त्याला माहीत नसल्यामुळे आकडा कमी पडला असेल तर तो बाद होत नाही, दंड मिळवून आकडा दुरुस्त करतात. कार्ड घेणारा माणूस जेवणाच्या मांडवात बसवू नका. हातात ताट आणि शेजारी गप्पा असताना सह्या राहून जातात. वेगळं टेबल, दोन खुर्च्या, एक पेन दोरीने बांधलेलं.

प्रश्न : मासे खाणारी १०० पानं आहेत. सुरमई, बोंबील, कोळंबी भात, जिताड्याचं कालवण, भाकरी. काय किती आणायचं? — सीवूड्स

सुरमईची तुकडी माणशी एक आणि वर पाव भाग दुसऱ्यांदा मागणाऱ्यांसाठी, म्हणजे १२५ तुकड्या. ११० ग्रॅमची एक धरली तर पावणेचौदा किलो. डोकं, शेपूट, पोट जाऊन साधारण ७० टक्के तुकड्या हातात येतात, म्हणून अख्खी सुरमई २० किलो. चार ते पाच किलोचे मासे घ्या. दोन किलोच्या सुरमईच्या तुकड्या लहान पडतात आणि तव्यावर वाळतात. डोकी टाकू नका, ती कालवणात जातील.

बोंबील २२५ नग. चांगल्या मापाचे किलोत नऊ बसतात, म्हणून २५ किलो. कोळंबी कवचासकट १० किलो, सोलून निम्मी उरते. तिला तांदूळ साडेसहा किलो पुरतो, कारण सोबत भाकरीही आहे. जिताडा १२ किलो, साधारण ८० ग्रॅमचे शंभर तुकडे पडतील. भाकऱ्या १५०, एकीला ६५ ग्रॅम पीठ, म्हणजे तांदळाचं पीठ १० किलो. एका चुलीवर सराईत बाई तासाला पंचवीसेक भाकऱ्या उतरवते. तीन चुली दोन तास, म्हणजे पावणेअकराला उकड काढायला घ्यावी लागेल.

हा हिशोब पाहिल्यावर बरेच जण विचारतात की खेकडेही करूया का. शंभर पानांत करू नका. फोडून खायला वेळ लागतो, हात बरबटतात, आणि उभ्याने ताट धरून खेकडा खाता येत नाही. वीस-पंचवीस जणांच्या बैठकीत चिंबोरीची मजा वेगळी.

प्रश्न : पापलेट का नको? — वाशी

पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे आणि त्याचा मान मोठा आहे, पण मोठ्या पंगतीला तो अडचणीचा. माणशी अख्खा द्यायचा तर २५०-३०० ग्रॅमचे शंभर एका मापाचे मासे एका सकाळी मिळवणं कठीण. तव्यावर आठच मावतात आणि जाडीमुळे प्रत्येक बाजूला पाच-सहा मिनिटं लागतात. मग आयोजक स्वस्तात लहान पापलेट उचलतात. ते करू नका. राज्याने पापलेटसाठी किमान माप १३५ मिलिमीटर ठरवलं आहे. त्याहून लहान मासा अजून एकदाही अंडी न घातलेला असतो. तो ताटात आला की पुढच्या वर्षाचा मासा कमी झाला.

प्रश्न : मासळी आदल्या दिवशी आणावी की त्याच सकाळी? ताजी कशी ओळखावी? — कोपरखैरणे

त्याच सकाळी. बेलापूरला दिवाळ्याचा मासळीबाजार जवळ आहे. मात्र ७० किलो माल एका सकाळी उभ्या उभ्या मिळत नाही. आठवडाभर आधी कोळणीला माप, नग आणि वेळ सांगून बयाणा द्या, आणि सुरमई तिथेच कापून घ्या. कापणाऱ्याला जाडी बोटाने दाखवा, ‘मध्यम’ म्हणू नका.

सुरमईचा कल्ला उचलून पाहा. आत लालभडक आणि ओलसर हवं. तपकिरी झालं, चिकट तार सुटली की पुढे चला. डोळा वर आलेला, काळा आणि लख्ख. बोटाने पाठ दाबली की खळगा लगेच भरून यायला हवा. बोंबलाला गुलाबी झाक असते आणि तोंडाशी लाली असते. पिवळट, ढिला पडलेला बोंबील कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. कोळंबीचं डोकं काळं पडलेलं किंवा धडापासून सुटू लागलेलं नको.

मासळीच्या वजनाइतका बर्फ लागतो. म्हणजे ७० किलोला ७० किलो, फोडलेला, पिण्याच्या पाण्याचा. थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, वर मासळी, पुन्हा बर्फ, आणि पेटीला खालून भोक. वितळलेल्या पाण्यात मासा पोहत राहिला तर मऊ पडतो आणि चव उतरते. इथे कंजुषी करू नका. सुरमई आणि बांगडा उष्णतेत राहिले तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं, आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. वासाने कळेलच असंही नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, पुरळ येतं, छाती धडधडते. बर्फ हाच त्यावरचा उपाय आहे, लिंबू नाही आणि मसालाही नाही.

प्रश्न : बोंबील तव्यावर तुटतात, पाणी सोडतात, तेल उडतं. आचारी म्हणतो पीठ जास्त लावा. — ऐरोली

पिठाने होणार नाही. बोंबलाच्या अंगात पाणीच फार, ते आधी काढावं लागतं. डोकं, पर आणि शेपटीचं टोक काढा. पोटाकडून चीर देऊन पुस्तकासारखा उघडा आणि मधला काटा शेपटीकडून अलगद ओढून काढा. मीठ अगदी हलकं लावा. स्वच्छ सुती कापडावर एका ओळीत पसरा, वर दुसरं कापड, वर पाट, पाटावर पाण्याने भरलेली कळशी. चाळीस मिनिटांनी पाट उचलला की खालचं कापड पिळण्याइतकं ओलं झालेलं दिसतं आणि बोंबील पापडासारखा चपटा झालेला असतो. २२५ बोंबलांना चार-पाच पाट लागतील. ते तिरके टेकवा म्हणजे पाणी वाहून जाईल. दाबताना सगळी तयारी सावलीत करा, वर बर्फाच्या पिशव्या ठेवा.

मग आलं-लसूण-हिरव्या मिरचीचं वाटण, हळद, आगरी मसाला आणि थोडं आगळ. पाऊण तासापेक्षा जास्त मुरवत ठेवू नका. आंबटाने मांस भुसभुशीत होतं आणि मिठाने पुन्हा पाणी सुटतं. सुरमईलाही हेच लागू. रात्रीच लिंबू लावून ठेवलेली सुरमई सकाळी कडेने पांढरी पडते आणि उलथताना फुटते. दोन भाग तांदळाचं पीठ आणि एक भाग बारीक रवा, तव्यावर घालायच्या क्षणी लावायचं. आधी घोळून ठेवलेलं पीठ ओलं होऊन तव्याला चिकटतं. तेल नीट तापलेलं हवं आणि एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय उलथनं लावायचं नाही.

प्रश्न : जिताड्याचे तुकडे कालवणात विरघळतात. — पनवेल

पळीने ढवळता म्हणून. लसूण ठेचून फोडणी, हळद, आगरी मसाला, चिंचेचा कोळ, पाणी. हे सगळं खळखळून उकळलं की मगच तुकडे सोडायचे आणि त्यानंतर पळी आत घालायची नाही. टोप दोन्ही कानांनी धरून हलवायचा. सात-आठ मिनिटांत तुकडे होतात. शंभर पानांचा एकच मोठा टोप हलवता येत नाही, म्हणून दहा-दहा लिटरचे दोन टोप करा, अर्ध्या तासाच्या अंतराने. पहिला साडेअकराला चढवा. वाढताना कालवण वाफाळतं राहायला हवं. कोमट कालवण उन्हात तासभर ठेवून वाढणं धोक्याचं.

प्रश्न : सोलकढी फाटते आणि दोनपर्यंत आंबूस होते. — सानपाडा

नारळाचं दूध आणि आमसुलाचं पाणी सकाळीच एकत्र केल्यामुळे. दोन्ही वेगळं, बर्फात ठेवा आणि वाढायच्या आधी पाच-पाच लिटर मिसळा. माणशी दीडशे मिलिलिटर धरलं तर १५ लिटर. त्याला मध्यम तीस नारळ लागतात. आगळ वापरत असाल तर त्यात मीठ असतंच, वरून मीठ चाखून घाला.

प्रश्न : शाकाहारी सभासद आणि कोळंबीची ॲलर्जी असलेले एक-दोन जण आहेत. — ठाणे, घोडबंदर रोड

ॲलर्जीवाल्यांची नावं अर्जातच मागा. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांची ॲलर्जी असलेला माणूस बऱ्याचदा सुरमई खाऊ शकतो, पण कोळंबी तळलेल्या तेलातली सुरमई खाऊ शकत नाही. म्हणून या बेतात कोळंबी फक्त भातात ठेवली आहे, तव्यावर नाही. भाताचा डाव कालवणात बुडणार नाही हे वाढप्यांना सांगा. सुकटीची चटणी ठेवणार असाल तर तिच्यात जवळा असतो, तसं पाटीवर लिहा.

शाकाहारींना पनीर देऊन मोकळे होऊ नका. वालाचं बिरडं, भरली वांगी, भाकरी, आणि तीच सोलकढी. त्यांची चूल, तेल आणि उलथनं वेगळं, आणि मांडणी वाऱ्याच्या वरच्या बाजूला. तळणाचा धूर अंगावर घेत कुणालाही जेवायला लागू नये.

प्रश्न : रोख बक्षिसं द्यावीत का? — कळंबोली

हॅंडिकॅप स्पर्धेत रोख घेतलं तर खेळाडूच्या हौशी दर्जावर गदा येते. वस्तू किंवा व्हाउचर द्या, तेही १,००० डॉलरच्या मर्यादेत. हौशी क्लबची बक्षिसं तिथवर जाण्याचा प्रश्न सहसा येत नाही. होल-इन-वनला ही मर्यादा लागत नाही, अट एवढीच की फटका किमान ५० यार्डांचा हवा.

प्रश्न : कॅडींना डबे द्यावेत की पंगतीत बसवावं? — खारघर

पंगतीत, आणि आपापल्या गटाबरोबरच. वरच्या साऱ्या हिशोबात त्यांची पानं आम्ही मुद्दाम धरली आहेत. पहाटे सहापासून ते मैदानावर असतात, चार-पाच तास पिशवी वाहतात, आणि तुमचा चेंडू गवतात कुठे गेला हे तेच सांगतात. बरेच आयोजक त्यांना सगळे जेवल्यावर उरलेलं देतात. तेव्हा तवा विझलेला असतो आणि सुरमई संपलेली असते. हिरवळ कापणारे आणि पाणी घालणारे कामगारही मोजा. त्यांच्यातल्या पहाटेच्या पाळीचे लोक अकराला घरी जातात, म्हणून त्यांच्यासाठी कालवण, भाकरी आणि तळलेल्या तुकड्या पावणेअकरालाच तयार हव्यात. तेवढ्यापुरता एक तवा आणि एक लहान टोप आधी चढवा, त्यांच्यापुरत्या भाकऱ्याही आधी उतरवा. तळण फोन येईपर्यंत थांबवायचं, या वरच्या नियमाला एवढा एकच अपवाद करायचा.